ऐकणाऱ्याची खुर्ची

१

त्यांच्या घरी गाण्याची परीक्षा मोरीत व्हायची.

तो नाटकांना चाली लावायचा. नवी चाल बांधली की संध्याकाळी एकदाच घरात गाऊन दाखवायचा आणि विषय बंद. दुसऱ्या दिवशी बायको कपडे घासता घासता नकळत तीच चाल गुणगुणली, तर चाल पास. नाही गुणगुणली, तर कागद फाडून टाकायचा, मग त्यावर महिना गेला असला तरी.

तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणायचा, "म्हणूनच तुझा कान खरा. शिकलेल्याचा कान लाच खातो."

पण चिमी झाल्यापासून, म्हणजे गेली दीड वर्षं, मोरीत नुसतं पाणीच वाजत होतं. तो गायचा, ती ऐकायची, मान डोलवायची, आणि सकाळी तोंडात काही नसायचं. एकदा तिला त्याची दया आली. आदल्या दिवशीची चाल तिने मुद्दाम आठवून आठवून म्हटली. तो दारात येऊन उभा राहिला.

"खोटं गुणगुणू नकोस गं," तो म्हणाला. "भीक घातल्यासारखं वाटतं."

त्या दिवसापासून कपडे घासताना तिला ओठ हलवायचीही भीती वाटायची.

मग नव्या संगीत नाटकाचे दिग्दर्शक घरी आले. चहा घेतला, चिमीचा गालगुच्चा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "सहा गाणी हवीत. दोन महिन्यांत. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका, वहिनी."

ती म्हणाली, "राग कसला?" दिग्दर्शक गेल्यावर तो कपबशी तशीच हातात धरून बसून राहिला. नाटकाशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि येतंय असं म्हणायची त्याची तयारीही नव्हती.

२

खुर्ची आणली पेटीमास्तरांनी. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं नाटकमंडळीत पेटी वाजवलेला. वेताची बैठक असलेली साधी खुर्ची, दोन्ही हात झिजून गुळगुळीत झालेले. जिना चढून आल्यामुळे त्यांना दम लागला होता.

"बसा की मास्तर तिच्यावरच," ती म्हणाली.

"नको गं बाई!" मास्तर दोन पावलं मागेच सरले. "ही बसायची नाही. ही ऐकणाऱ्याची. गाणं अडलं की आमच्यात पेटीसमोर रिकामी खुर्ची ठेवतात. समोर कुणी ऐकतंय असं वाटलं की गळा मोकळा होतो. बस, एवढंच. गायचं. तिच्याशी बाकी काही बोलायचं नाही."

"बोललं तर?"

"बोललं तर ऐकलं जातं," मास्तर म्हणाले आणि उरलेल्या तीन दातांनी हसले.

आतली खोली त्याची. पेटी, कागद, काचेच्या दाराचं एक कपाट, आणि आता खुर्ची. बाहेरची खोली म्हणजे बाकीचं सगळं घर. आतल्या खोलीचं दार उघडताना असं कुरकुरायचं की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. नळ गळायचा. कुकरची शिट्टी जिन्यापर्यंत जायची. आणि चिमी! चिमीला एक ताटली आणि चमचा दिला की पुढचा तासभर बघायलाच नको.

चौथ्या की पाचव्या दुपारी हे सगळं एकदमच झालं. कुकर शिट्ट्या मारत होता, चिमी ताटली बडवत होती, ती दार उघडून त्याला चहा द्यायला गेली आणि दार कर्रर्र करून ओरडलं. आत तो पेटीवर डोकं टेकून बसला होता. डोकं न उचलताच ओरडला, "घेऊन जा! या घरातले सगळे आवाज घेऊन जा एकदाचे! पण मला सहा चाली दे!"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कुठे घेऊन जाऊ? माहेरी?"

त्याने वर पाहिलं. ती समोर येऊन उभी आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. "तुला नाही म्हटलं," तो पुटपुटला.

"मग कुणाला?"

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्याने चहा तेवढा घेतला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं नाही.

ते तिच्या लक्षातही आलं नसतं. केर काढायला ती खोलीत शिरली, बाहेर आली, परत सुपली न्यायला गेली, आणि तिसऱ्या खेपेला थबकली. दार लावलं, उघडलं. पुन्हा लावलं. एखादी भिंत सरकावी तसं ते गुपचूप सरकत होतं.

"तेल घातलंत वाटतं बिजागरीला?" तिने विचारलं.

"मी? तूच घातलं असशील."

बिजागरीवर तिने बोट फिरवून पाहिलं. कोरडी ठणठणीत. गंज तसाच. असेल बाई, हवेने लाकूड फुगतं, आकसतं. बरंच झालं, चिमीची झोप मोडायची नाही.

दोन दिवसांनी ती कपडे घासत होती. तो धावत आला. पाय ओले, दाढी अर्धी केलेली.

"काय म्हणत होतीस आत्ता?"

"कुठे काय?"

"अगं म्हणत होतीस! म्हण परत!"

तिने आठवून पाहिलं. खरंच, काल संध्याकाळी त्याने गायलेली चाल तिच्या तोंडात आली होती. नकळत. तिने म्हणून दाखवली तसा त्याने चिमीला उचलून डोक्यावर बसवलं, खोलीभर नाचवलं. चिमी खिदळत होती. तिलाही हसू आवरेना. दीड वर्षाने घरात माणसं हसत होती.

कपडे वाळत घालताना मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. गाण्याची सुरुवात खालून निघून वर ओढत जात होती. लांब, थरथरत, आणि शेवटी एक झटका. ते तिने कुठेतरी रोज ऐकलं होतं. रोज सकाळी, दार उघडताना.

"वेडी कुठली," तिने स्वतःलाच म्हटलं आणि चादर झटकली.

४

मग कुकरची शिट्टी गेली. वाफ निघायची, वरचं वजन उडायचं, पण आवाज नाही. तिने दोनदा भात करपवला. नवी शिट्टी आणली. तीही मुकी. त्या आठवड्यात दुसरं गाणं झालं, आणि त्यात बायकांचा घोळका एकदम उंच 'ईऽऽ' म्हणून थांबायचा. तालमीत ते ऐकून दिग्दर्शक जागेवरून उठले म्हणे.

मग नळ. थेंब पडायचा, दिसायचा, ऐकू यायचा नाही. तिसऱ्या गाण्याचा ठेका टप, टप, टप असा होता.

सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक दिवस हातातून स्टीलचं ताट निसटलं. तिने डोळे मिटून खांदे वर घेतले, आवाजाची वाट पाहिली. काहीच नाही. डोळे उघडले तर ताट फरशीवर गरगर फिरत होतं आणि हळूहळू आडवं होत होतं, पाण्यात बुडाल्यासारखं.

आधी तिला वाटलं, आपलेच कान गेले. कानाशी कागद फाडून पाहिला. नीट ऐकू आला. खालच्या काकू बोलल्या तेही ऐकू आलं. काकू जिन्यात थांबून म्हणाल्या, "काय गं, हल्ली घरात माणसं राहतात की फोटो? आधी डोक्यावर नाचायचात, आता पाऊलही वाजत नाही. भांडणबिंडण झालंय का?"

"नाही हो काकू. ते काम करतात ना आत."

"कर बाई. काम करणारा नवरा म्हणजे पाहुण्यासारखा, जपून ठेवावा लागतो."

चार गाणी झाली. तो जेवायला लागला, झोपायला लागला, चिमीला फिरायला नेऊ लागला. कुणी मोठं बक्षीस दिल्यासारखा चेहरा. ताटाचं तिने त्याला सांगितलं तेव्हा तो भात कालवत राहिला.

"शांतता आहे ती चांगलीच आहे ना?" तो म्हणाला. मान वर केली नाही.

यांना माहीत आहे, तिला वाटलं.

दुपारी चिमीला कडेवर घेऊन ती त्या मुक्या दारातून आत डोकावली. तो बाहेर गेला होता. पेटी झाकलेली. समोर खुर्ची. उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. खुर्चीची वेताची बैठक मध्यभागी खाली गेली होती, कुणी बसल्यावर जाते तशी. जुनं वेत, सैल होणारच. पण मास्तरांनी आणली तेव्हा ती ताठ होती, हे तिला पक्कं आठवत होतं.

चिमीने खुर्चीकडे बघून हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

५

चिमीला काखेत गुदगुल्या केल्या की ती आधी श्वास रोखायची, मग खळ्ळकन फुटायची. ते हसू ऐकायला काकू खालून वर यायच्या.

त्या सकाळी तिने गुदगुल्या केल्या. चिमीने श्वास रोखला. तोंड उघडलं. पोट गदागदा हललं, डोळे बारीक झाले, चारच दात दिसले. आवाज नाही.

तिने पुन्हा केल्या. पुन्हा तेच. बिनआवाजाचं हसणारं लेकरू तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि कुणाला ते पाहावं लागू नये असं तिला वाटलं.

"चिमे, बोल. आई म्हण. आई."

"आई," चिमी म्हणाली. नेहमीसारखीच. तिने चिमीला इतकं आवळलं की चिमी रडायला लागली. रडणं ऐकू आलं. देवा, रडणं होतं अजून.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "सगळं ठीक आहे. बोलते, रडते. हसेल हो. तुम्ही फार काळजी करता." काळजी करणाऱ्या बाईला हे वाक्य सगळे डॉक्टर सांगतात.

ती तशीच चिमीला घेऊन तालमीच्या जागी गेली. आत पाचवं गाणं चाललं होतं. सुरांमध्येच नटी हसत होती, आधी श्वास रोखून, मग खळ्ळकन. बघणारे सगळे हसत होते. सुतार हातोडा खाली ठेवून हसत होता. तिच्या कडेवरची चिमी त्या आवाजाकडे टक लावून बघत होती, आपली वस्तू दुसऱ्या पोरीच्या हातात बघावी तशी.

घरी आल्यावर त्याच्यासमोर ती उभी राहिली. ओरडली नाही.

"काय दिलंत तुम्ही?"

तो जमिनीवर बसला. "मला वाटलं, दाराबिराचा घेईल. भांड्याकुंड्याचा. मला घरात शांत हवं होतं, आणि गाणं हवं होतं. मी वैतागून बोललो गं. कोण खरं धरतं असलं बोलणं?"

"परत मागा."

"मागितलं. तू ताटाचं सांगितलंस त्या दिवसापासून रोज मागतो. खुर्ची मास्तरांकडे नेऊन टाकली परवा, तुला न सांगता. दारातूनच म्हणाले, खुर्चीचं काय घेऊन बसलास, बसणारा तिथेच आहे. घरी येऊन पाहिलं तर..." त्याने खोलीकडे हात केला. खुर्ची पेटीसमोर होती. "सहा म्हटलं होतं. सहावं झाल्याशिवाय उठायचं नाही ते."

"नाटक सोडा."

"सोडलं. काल दिग्दर्शकांना सांगून आलो. तरी आज सकाळी पाचवं आलंच ना! तू डॉक्टरांकडे गेलीस तेव्हा ते समजूत घालायला आले, ते माझ्या तोंडून आपोआप निघालं आणि त्यांनी उड्या मारत नेलं. मी न ठरवता, अगं. पेटीला हात न लावता."

तो रडायला लागला. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण दीड वर्ष त्याला मोरीच्या दारात कान देऊन उभं राहिलेलं तिने पाहिलं होतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनात हिशेब मांडला. सहावं गाणं राहिलंय. एकच आवाज जाणार. घरात जो सगळ्यात जास्त ऐकू येतो, तो. चिमीचं रडणं, नाहीतर तिचं 'आई'.

६

रात्री झाकपाक करता करता बायका मनातल्या मनात दुसऱ्या दिवसाची तयारी करतात. तिने तशीच केली.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकल्यावर त्याला म्हणाली, "मास्तरांकडे जाऊन या. संध्याकाळशिवाय येऊ नका." चिमीला काकूंकडे ठेवलं. "थोडं आवरते, काकू. हिला गाणी म्हणत राहा, नाहीतर रडते." चिमीने जाताना हात पसरले. तिने मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर जमलं नसतं.

खिडक्या लावल्या. घड्याळ थांबवलं. घरात आता आवाज करणारं एकच काही उरलं होतं.

ती खोलीत जाऊन पेटीच्या बाजूला, खुर्चीसमोर जमिनीवर बसली. गाणं तर तिला येत नव्हतं. काय म्हणावं ते सुचेना. मग जे रोज म्हणते तेच म्हणायला लागली.

"चिमे, ऊठ गं. सूर्य डोक्यावर आला."

"पायरी बघ, पायरी. पडशील."

"अगं माझी बाय, किती गं ते नाक वाहतंय."

रोजचं संपलं. मग पुढचं आठवायला लागलं. ती थांबली नाही. जे अजून सांगायची वेळ आली नव्हती, तेही सांगून टाकलं.

"दप्तर भरलंस? पट्टी घेतलीस? मान हलवू नको, वेणी वाकडी होते. कुणी मारलं तुला? नाव सांग मला त्याचं. पेपर सोपा गेला ना? मग तोंड का असं? इकडे ये. पोटात दुखतंय का? घाबरू नको, सगळ्या बायकांचं दुखतं. कुणाशी बोलत होतीस एवढा वेळ? मी नाही रागावत, सांग. पोचलीस की कळव. दोन शब्द कळव, पण कळव."

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. तिचा घसा खरवडून निघाला होता. तिने समोर पाहिलं.

वेताची बैठक मागच्या बाजूला खाली गेलेली होती. ती बघत असताना तिथलं वेत वर आलं आणि पुढच्या कडेचं खाली गेलं. ऐकायला कमी येणारी म्हातारी माणसं पुढे सरकून बसतात, तसं.

तिने बोलणं सोडलं नाही. नजर तेवढी बाजूला घेतली, ती कपाटाच्या काचेवर गेली. काचेत खोली दिसत होती, पेटी, ती स्वतः, खुर्चीची पाठ. आणि त्या पाठीच्या वर, तिच्याकडे कललेला, एक कान. कानाला लागून जे असायला हवं होतं ते दिसायच्या आत तिने डोळे घट्ट मिटले.

"भूक लागली तर डब्यात आहे," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "मी असले नसले तरी जेवून घ्यायचं. आणि अंधारात भीती वाटली तर मला हाक मा..."

ओठ हलत राहिले. जीभ टाळ्याला लागत होती, श्वास जात होता, येत होता. 'र' कुठे ऐकू आला नाही.

डोळे उघडले तेव्हा खुर्ची नव्हती. फरशीवर चार पायांच्या जागी धुळीत चार गोल होते.

७

तो जिना धावत चढून आला. रस्त्यात, कोपऱ्यावरच, आख्खी चाल सुचली होती. मुखडा, अंतरे, सगळं. तोंडाने म्हणतच तो आत शिरला, चेहरा नुसता उजळलेला. उंबऱ्याच्या आत दोन पावलं आला आणि आपण काय म्हणतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

तो गप्प झाला. ती पोळपाट पुसत होती. त्याने तिला नावाने हाक मारली. तिने वळून पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

काकूंनी चिमीला आणून सोडलं. चिमी धावत येऊन पायांना बिलगली. "आई, आई, आई." तिने तिला उचललं आणि तिच्या तोंडाशी कान लावून ऐकत राहिली. हसू गेलं ते गेलंच होतं. एवढं मात्र राहिलं होतं, धडधाकट, घरभर ऐकू जाणारं.

पुढच्या दिवसांत तो तिच्या मागे मागे असायचा. कपडे तोच घासायचा, कारण ती मोरीत बसली की त्याला बघवायचं नाही. पाटीवर ती लिहायची, दूध संपलं, चिमीला ताप नाही. एकदा त्याने पाटी हातात घेऊन लिहिलं, सहावं गाणं मी फाडतो. त्याला बोलता येत होतं, तरी त्याने लिहिलं. तिने ते पुसलं आणि खाली लिहिलं, फाडून काय येणार आहे?

चिमीला मात्र काही समजेना. ती हाक मारायची, आईचं तोंड हलायचं. ती आईच्या ओठांना बोट लावून बघायची, मग आईच्या मागे, दाराआड, पलंगाखाली शोधायची. आवाज कुठेतरी पडला असेल आणि सापडेल, असं.

८

पहिला प्रयोग दुपारचा होता. थिएटर गच्च भरलं होतं. पहिल्याच गाण्याला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला लोक उभे राहिले. पाचव्याला हसून हसून माणसांनी डोळे पुसले. तो विंगेत भिंतीला टेकून उभा होता. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते, आणि तो हात घेऊ देत होता.

ती चिमीला मांडीवर घेऊन सातव्या रांगेत बसली होती. कशाला आली होती, तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक एकदा ऐकायचं होतं.

सहावं गाणं शेवटी होतं. दिवे मंद झाले. नटी एकटी पुढे आली. गोरी, उंच, भरजरी कपड्यांतली. तिने तोंड उघडलं.

शब्द नाटकातले होते. कुणा राणीचे, कुणा राजाला उद्देशून. पण आवाज किंचित घोगरा, शेवटच्या अक्षरावर उगाच लाडात येणारा, काळजीने मध्येच घाई करणारा. आख्खं थिएटर श्वास धरून बसलं. कुणीतरी हुंदका दिला. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "काय गोड गळा हो! अगदी घरातल्या माणसासारखा."

मांडीवरची चिमी ताठ झाली. तिने मान वळवली. कितीतरी दिवस हरवलेलं समोर दिसावं तसा चेहरा केला, आणि दोन्ही हात स्टेजकडे पसरले.

"आई!"

लोक वळून बघायला लागले. चिमी मांडीवरून घसरून खाली उतरायला बघत होती. तिने तिला कमरेला धरलं, छातीशी ओढलं. चिमी तिच्या हातांना ढकलत होती, परक्या बाईने पकडल्यासारखी, आणि जिवाच्या आकांताने स्टेजवरच्या बाईला हाका मारत होती. आई. आई. आई.

शेजारची बाई वैतागून तिच्याकडे झुकली.

"अहो, आईला शोधतंय ना लेकरू," ती कुजबुजली. "कुठे आहे हिची आई? द्या की तिच्याकडे."